बुडणाऱ्यांचे चेहरे

आमच्या देवस्थानच्या सभामंडपातील उत्तरेकडच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यानंतर नव्याने गिलावा करण्यात आला आणि त्या कोऱ्या भिंतीवर काय असावे याविषयी विश्वस्त मंडळात वाद सुरू झाला. कोणी दशावतार सुचविले, कोणी संतमालिका. परंतु २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांत खांदेरीचेही नाव आले, ही गोष्ट सर्वांच्या मनात ताजी होती. आदिलाबाद समुद्रापासून शेकडो कोस दूर. आमच्या मुलांना ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे पैनगंगा, फार तर गोदावरी. कोकणातून व गोव्यातून पूर्वी येथे येऊन स्थायिक झालेली आमची जी थोडी घरे आहेत, त्यांनाही समुद्र आता आजीच्या गोष्टींतूनच भेटतो. तेव्हा छत्रपतींच्या आरमाराने १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी दिलेली झुंज भिंतीवर रंगवून घ्यावी, असा ठराव एकमताने संमत झाला. ठरावाचा मसुदा माझाच. त्यात 'इंग्रजांचे एक मोठे जहाज बुडताना दाखवावे' असे शब्द मीच घातले आणि ते घालताना माझी लेखणी क्षणभरही अडखळली नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काम निर्मळच्या एका नक्काशाकडे सोपविले. निर्मळ आता स्वतंत्र जिल्हा झाला असला तरी तेथील पोणिकीच्या लाकडाची खेळणी आणि सोनेरी झाक असलेली चित्रे आम्ही अजून आपलीच समजतो. हा गृहस्थ पन्नाशीचा, मितभाषी, तेलुगू वळणाची मराठी बोलणारा. कच्चा आराखडा घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाब, जहाज काढतो, लाटा काढतो. बुडणाऱ्या लोकांची तोंडं कशी काढू?"

मी म्हटले, "काढा कशीही. लहानच तर दिसणार."

तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला बुडणाऱ्याचं एकच तोंड माहीत आहे. गंगेच्या पुरात मामा गेला, तेव्हा मी काठावर होतो. तेच काढू का?"

गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी. त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता, उपदेश तर नव्हताच. सुताराने माप विचारावे तसे त्याने विचारले होते. मला मात्र उत्तर देता आले नाही. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणून मी त्याची बोळवण केली. ते दोन दिवस पुढे बरेच लांबले.

त्या रात्री मला एका जपानी चित्राची आठवण झाली. जपानी काष्ठमुद्रांविषयीचे एक पुस्तक माझ्या संग्रहात पुष्कळ वर्षे आहे आणि त्यातील एका चित्राशी माझे बोट नेहमी थांबत आले आहे. कोबायाशी कियोचिका या चित्रकाराने ते १८९४ साली काढले. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला पीत समुद्रात जपानच्या व चीनच्या आरमारांची गाठ पडली. जपानचा सेनानी इतो सुकेयुकी, चीनचा तिंग रुचांग. चीनने पाच जहाजे गमावली. जपानचे एकही बुडाले नाही, मात्र त्याचे निशाणाचे जहाज 'मात्सुशिमा' पार खिळखिळे झाले आणि त्यावरील पुष्कळ माणसे मेली. ह्या लढाईची चित्रे तोक्योच्या दुकानांत झपाट्याने येऊ लागली. चित्रकाराने पातळ कागदावर रेखाटन करावे, ते चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटे चिकटवून कोरक्याने रेषा तेवढ्या उठावाच्या ठेवाव्या, प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा कोरावा आणि छापणाऱ्याने ओलसर कागद त्यावर ठेवून हाताने घासून एकेक रंग उमटवावा, अशी ही कला. युद्धाची चित्रे बहुधा तीन कागद शेजारी शेजारी जोडून होत. पुढे मोठा कादंबरीकार झालेला तानिझाकी जुनिचिरो तेव्हा आठ वर्षांचा होता. दुकानाबाहेर लावलेल्या ह्या चित्रांपुढे आपण आशाळभूतपणे कसे उभे राहत असू, हे त्याने आपल्या बालपणाच्या आठवणींत सांगितले आहे. आमच्या सभामंडपात चित्र झाले असते तर त्यापुढेही आठ वर्षांची मुलेच उभी राहिली असती.

कियोचिकाच्या त्या चित्राचे वैशिष्ट्य असे की ते पाण्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही. वर जपानी जहाजांचा भडिमार चाललेला आहे, पण चित्रकाराने समुद्र जणू सुरीने कापून त्याचे पोट उघडे केले आहे आणि त्या पोटात चिनी जहाज खाली खाली चालले आहे. त्याच्याभोवती माणसे आहेत, हातपाय पसरलेली, लहान, बुडणारी. चित्र सुंदर आहे, आणि माझी अडचण तेथेच आहे. ते बेढब असते तर मी पान उलटून मोकळा झालो असतो.

दुसऱ्याच्या मरणाचे सुंदर चित्र पाहून होणारा आनंद निर्दोष असतो काय? युद्ध न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न येथे नाही. तो निराळा आहे, आणि खांदेरीपुरते त्याचे उत्तर माझ्या मनात स्वच्छ आहे. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच बेटावर दुर्ग बांधण्याचा छत्रपतींना पूर्ण अधिकार होता आणि अडवायला आलेल्यांशी लढणे हे कर्तव्यच होते. परंतु शत्रूला बुडविणे कर्तव्य असले, म्हणून त्याचे बुडणे पाहणे हा उत्सव ठरतो काय?

जपान्यांविषयी बोलताना न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणे सोपे असते. त्यांतील बहुतेक चित्रकार समुद्रावर गेलेच नव्हते. तारेने आलेल्या बातम्या आणि वर्तमानपत्रांतील वर्णने हाच त्यांचा पुरावा. त्या पुराव्याला न्यायालयात ऐकीव म्हणून बाजूला सारतात. शिवाय प्रतिवादी गैरहजर, आणि हुकूमनामा एकतर्फी. अनेक चित्रांत जपानी शिपाई ताठ, गंभीर, रेखीव, तर चिनी शिपाई भडक वस्त्रांत, वेणी उडवीत, वेड्यावाकड्या चेहऱ्याने पळताना दाखविलेला आढळतो. खुद्द कियोचिकाने त्याच काळात शत्रूची टवाळी करणारी एक लांबलचक हास्यचित्रमाला काढली. ज्या हाताने ते पाण्याखालचे विलक्षण दृश्य काढले, त्याच हाताने ती विदूषकी.

तथापि खुर्चीवर बसण्यापूर्वी मला आमच्याच जिल्ह्यातील जैनथ आठवले. आदिलाबादपासून ते फार लांब नाही आणि तेथील लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. जैनथला सापडलेला परमार राजा जगद्देवाच्या काळचा एक संस्कृत शिलालेख प्रसिद्ध आहे. देवालय बांधविल्याची नोंद करणारा हा लेख, म्हणजे मूळचे कार्य पुण्याचे. पण राजाचा पराक्रम वर्णन करताना कवी काय म्हणतो? त्याच्या धनुष्याच्या विजयाची साक्ष अर्बुद पर्वताच्या दऱ्यांत रडणाऱ्या गुर्जर वीरांच्या स्त्रिया आपल्या अश्रूंनी देतात, असा त्याचा आशय. विधवांचे डोळे हा विजयाचा पुरावा, आणि तो देवळाच्या लेखात! मी हा लेख प्रथम वाचला तेव्हा कल्पनेला दाद दिली होती, हेही नमूद करतो.

दुसरे उदाहरण आपल्या धार्मिक वाङ्मयातले आहे आणि समुद्राचेही आहे. ज्या हेमाद्री पंडिताचा 'चतुर्वर्गचिंतामणी' व्रतवैकल्यांसाठी आजही प्रमाण मानला जातो, तो देवगिरीच्या महादेव यादवाचा मंत्री होता. त्या ग्रंथाच्या व्रतखंडाला जोडलेल्या राजप्रशस्तीत उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, तो प्रसंग आहे. हा साधारण १२६५ चा सुमार. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचा चमत्कार तेथे साधला आहे. बुद्धी चकित व्हावी अशीच ही कल्पना आहे. परंतु तिच्यात एक माणूस नाकातोंडात पाणी जाऊन मरतो आहे, आणि पंडित त्याच्यावर श्लेष करतो आहे. कियोचिकाला सहाशे वर्षांनी जे सुचले, ते हेमाद्रीने शब्दांत अगोदरच केले होते. व्रतांच्या ग्रंथात हे आहे म्हणून मी दचकलो असे नाही. इतकी वर्षे ते वाचूनही दचकलो नव्हतो, याने दचकलो.

ह्याच सोमेश्वराच्या युद्धाशी अनेक अभ्यासकांनी संबंध जोडलेली आणखी एक वस्तू आहे, आणि जपानी युद्धचित्रांच्या तोडीचे आपल्याकडे काही असेल तर ते तेच होय. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळांची एक रांग आहे. जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्यांचे वर्णन आहे. एकूण सहा शिळा, त्यांतील चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. त्यांवर आडव्या पट्ट्यांत एकावर एक दृश्ये कोरलेली. सागरी युद्धाच्या पट्ट्यांत उंच नाळेच्या नौका, वल्ह्यांच्या दाट रांगा आणि वर उभे असलेले योद्धे. खालून वर पाहत गेले की लढाई, मग वीराचे स्वर्गारोहण, मग पूजा. शिळेच्या माथ्यावर कलश आणि हार घेऊन येणाऱ्या आकाशस्थ आकृती.

आता ह्यांतील भेद पाहा. प्रशस्ती जिंकणाऱ्याने लिहविली, वीरगळ मेलेल्यासाठी उभा राहिला. एकसरच्या शिळांवर नावे नाहीत. कोणती नौका यादवांची, कोणती शिलाहारांची, आणि जो वर गेला तो जिंकलेल्या पक्षाचा की हरलेल्या, हे आज शिळेपुढे उभे राहून कोणालाही शपथेवर सांगता येणार नाही. ज्याने ती उभारली त्याला ते अर्थातच ठाऊक होते, पण दगडाने ते सांगितले नाही. वीरगळाच्या कोरक्यालाही युद्ध देखणे करावेसे वाटलेच. वल्ह्यांची लय त्याने किती निगुतीने साधली आहे! पण त्या देखणेपणाने त्याला ज्याच्याकडे नेले तो त्याचा स्वतःचा मेलेला माणूस होता.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते दुबळे नाही. मी मंडळाच्या बैठकीत माझी शंका मांडली तेव्हा आमचे एक वयोवृद्ध विश्वस्त, मूळचे अंत्रुज महालाकडचे, शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, आमचा मंगेश १५६० साली कुशस्थळीहून खाडी ओलांडून प्रियोळला गेला, तो कोणाच्या भयाने? त्या होडीतल्या माणसांच्या काळजात काय होते, ते कोणी रंगविले काय? चारशे वर्षांनी आमच्या मुलांनी फिरंग्याचे एक जहाज बुडताना भिंतीवर पाहिले, तर तुमच्या धर्मशास्त्राला एवढा काय धक्का बसतो?"

बैठक स्तब्ध झाली. मीही. खांदेरीचे शत्रू इंग्रज होते, पोर्तुगीज नव्हेत, एवढी तांत्रिक हरकत मला घेता आली असती, पण ती घेणे क्षुद्रपणाचे झाले असते. ज्याला पळावे लागले त्याला जय पाहण्याची भूक असते, आणि ती भूक पाप आहे असे म्हणण्याचे धैर्य, घरात सुखाने बसलेल्या माणसाने तरी करू नये.

पण घरी आल्यावर मला पुन्हा तेच जपानी चित्र आडवे आले. तोक्योच्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या लोकांचीही हीच भूक नव्हती काय? १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजे त्यांच्या आखातात शिरली. पुढे १८५८ च्या तहांनी परकीयांना जपानच्या भूमीवर जपानी न्यायालयांपासून मुक्ती मिळाली. आपल्याच देशात गुन्हा करणाऱ्या परक्याला आपला न्यायाधीश शिक्षा करू शकत नाही, हा अपमान वकिलाला विशेष कळतो. ते कलम काढून टाकण्याचे ब्रिटनने मान्य केले १८९४ च्या जुलैत, आणि त्याच महिन्यात चीनशी युद्धाला तोंड लागले. अपमान पाश्चात्त्यांनी केला आणि बुडताना पाहिले ते चिन्यांना. दुखावलेल्या मनाला बुडणारे कोणीतरी हवे असते. कोण, हे पाहण्याइतका धीर त्याला नसतो. आमच्या वृद्ध विश्वस्तांचे दुःख खरे आहे, पण भिंतीवरच्या इंग्रज खलाशाकडून ते वसूल होणार नाही. आणि चित्र पाहणाऱ्या मुलाला तर ते दुःखही ठाऊक नसेल. त्याच्या हाती राहील तो केवळ बुडण्याचा आनंद.

बुडालेल्यांपैकी 'चिह-युएन' नावाचे चिनी जहाज पुरातत्त्वज्ञांना समुद्रतळाशी सापडल्याचे २०१५ साली निश्चित झाले. त्यात ज्या वस्तू मिळाल्या, त्यांत जहाजाचे नाव असलेली चिनी मातीची ताटली होती. कोणीतरी त्या दिवशी सकाळी तिच्यातून जेवले असेल. हे वाचल्यापासून कियोचिकाच्या चित्रातील त्या लहान लहान आकृती मला पूर्वीसारख्या पाहता येत नाहीत.

आणि तरीही कियोचिकाची बाजू मी अजून पुरती सोडलेली नाही. इतर कित्येकांनी धूर, तोफा आणि निशाणे काढली आणि काम भागविले. पाण्याखाली जाऊन पाहण्याचे त्याने मनावर घेतले. तो तेथे हसायला गेला की हळहळायला, हे चित्र सांगत नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्याच युद्धातील मिझुनो तोशिकाताचे एक चित्र मात्र संशयाला जागा ठेवीत नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत वेईहाईवेई पडले आणि सेनानी तिंगने विष घेऊन जीवन संपविले. तोशिकाताने त्याला आपल्या निवासस्थानी, अखेरच्या घटकेला दाखविले आहे. ते हास्यचित्र नाही. त्या माणसाला चेहरा आहे, आणि पाहणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. इतोने पूर्वी त्याला शरण येण्याविषयी मित्रभावाचे पत्र धाडले होते, आणि मृत्यूनंतर त्याचा देह सन्मानाने नेता यावा म्हणून एक जहाजही सोडले. आपल्याला हे परके वाटू नये. रावण पडल्यावर बिभीषण उत्तरक्रियेला कचरला, तेव्हा खुद्द रामचंद्रांनी त्याला ती करावयास लावले, हे आपण दरवर्षी कीर्तनात ऐकतो. प्रतापगडाच्या पायथ्याची अफजलखानाची कबर सर्वांना ठाऊक आहे. पण येथेही एक शंका मला सोडीत नाही. चेहरा मिळाला तो सेनानीला, मान मिळाला तो रावणाला आणि खानाला. वल्हेकऱ्यांचे काय? मोठ्या शत्रूला मान देण्यात आपलाही मोठेपणा वाढतो. लहान शत्रूच्या मरणापुढे मान लववून काहीच मिळत नाही, म्हणून ती फारशी कोणी लववीत नाही.

माझ्या नक्काशाने नेमक्या त्या लहान माणसांविषयी विचारले होते.

शेवटी मी वकिलाने करावे तेच केले, कागद उलगडले. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांची हलकी गलबते इंग्रजांच्या आरमारावर चालून गेली, त्या दिवशी 'डव्ह' नावाची इंग्रजी गुराब बुडाली नाही. तिने निशाण उतरविले, ती पकडली गेली आणि तिच्यावरील माणसे कैद झाली. म्हणजे माझ्या ठरावातील बुडणारे मोठे जहाज हे माझ्याच पदरचे. इतिहासाने जी माणसे जिवंत ठेवली, त्यांना मी देवळाच्या भिंतीवर बुडवायला निघालो होतो. मी दुरुस्ती मांडली की 'बुडताना' ह्या शब्दाऐवजी 'पकडले जाताना' असे घालावे. अध्यक्ष हसून म्हणाले की वकिलाला पळवाट सापडलीच. तो टोमणा अगदीच अन्यायाचा नव्हता. समजा ते जहाज खरोखर बुडाले असते, तर मी काय सुचविले असते? ह्याचे उत्तर दुरुस्तीत नव्हते. वृद्ध विश्वस्तांनी विरोधी मत दिले नाही, पण अनुकूलही दिले नाही. दोन्ही बाजूंना सारखी मते पडली आणि निर्णय कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या बैठकीवर गेला.

नक्काशाला मात्र थांबणे परवडणारे नव्हते. विसार घेतला होता आणि निर्मळहून येण्याजाण्याचा खर्च होता. जे वादात नाही ते करून ठेवतो, म्हणून त्याने खालून समुद्र रंगवावयास घेतला. एके संध्याकाळी आरतीपूर्वी मी सभामंडपात गेलो, तेव्हा भिंतीचा खालचा दीड पुरुष भाग निळा झाला होता, आणि ज्याने समुद्र पाहिला नाही अशा माणसाच्या लाटा कशा असतात त्या मला दिसल्या. त्या लाटांत गढूळ तांबूस झाक होती. पुराच्या गोदावरीची. मधे बरीच जागा मोकळी होती.

"येथे काय येणार?" मी विचारले.

"मंडळी सांगेल ते," तो कुंचला धूत म्हणाला. "आधी पाणी वाळू द्या, साब."

तेवढ्यात घंटा झाली.